गच्चीवरचा पाइप

२००३च्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीची बोअर आटली.

ती आटणार हे तिसऱ्या मजल्यावरचे काका चार वर्षं सांगत होते. ओझरच्या कारखान्यातून ते फिटर म्हणून निवृत्त झालेले. घरी पत्नी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. चादरी दिवसातून दोनदा धुवाव्या लागत. नळाला पाणी सकाळी तासभर, बाकीचा दिवस बोअरवर. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने खाली आणायचं आणि बोअरशेजारच्या खड्ड्यात खडी-वाळूतून जिरवायचं, एवढीच त्यांची योजना होती.

दर जूनमध्ये सभा भरे. कोरम नसल्यामुळे ती अर्धा तास तहकूब होई आणि मग त्याच जागी, त्याच आठ माणसांत पुन्हा सुरू होई. मधला वेळ चहात जाई. ठराव ठरलेला: विषय सर्वांचा असल्याने सर्वांच्या सहकार्याने मार्गी लावावा. सचिव मी होतो. दुसऱ्या वर्षापासून मी मागचाच ठराव उतरवून काढू लागलो.

२००२च्या सभेत काका म्हणाले, "तुम्ही कुणी काही करू नका. मी एकटा करतो, माझ्या खर्चाने."

"काका, गच्ची काय तुमच्या एकट्याची आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाणी तरी कुठं एकट्याला येणार आहे?"

"उद्या कुणी वर म्हैस बांधतो म्हणेल. त्यालाही हो म्हणायचं?"

सभा हसली. इतिवृत्तात हे आलं नाही.

काकांनी रविवारी खड्डा खणून पाइप जोडला. सोमवारी त्यांना नोटीस गेली: सामाईक जागेत विनापरवानगी काम. खाली सही माझी. पाइप उतरवला, मुलं पडतील म्हणून खड्डा बुजवला. गणपतीत त्याच पाइपाचे तुकडे मंडपाला उभे करून त्यांवर दिव्यांच्या माळा लागल्या. मंडप बांधायला सगळी बिल्डिंग हजर होती.

बोअर आटली त्या मंगळवारी काका टँकरचं पाणी घेऊन जिना चढत होते. अध्यक्ष वरून उतरत होते.

"तुम्हाला एवढं कळत होतं काका, तर जरा जोर लावायचा ना!"

काकांच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या.

"सरका जरा," ते म्हणाले.

शनिवारी त्यांनी पत्नीला घोटीला, मुलीच्या घरी हलवलं. स्वतःही तिकडेच राहिले.

जूनमध्ये सभा बोलावली. सात जण आले. कोरमअभावी ती अर्धा तास तहकूब झाली.