बसणारी गाडी आणि भाचीचं लग्न

विश्रांतवाडी ते बिबवेवाडी, पुण्यातल्या पुण्यात हा काय प्रवास झाला, असं तुम्ही म्हणाल. आमच्या जुन्या गाडीत मागे बसा, मग बोला! प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासतं. मणक्याच्या दुखण्यानं हैराण झालेली माझी बायको नलू गतिरोधक दिसला की उतरते, चालत पलीकडे जाते आणि पुन्हा बसते. अमरावतीला तिच्या भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, रेल्वेचं आरक्षण मिळालं नव्हतं. एकुलती एक आत्या या गाडीतून पोचणार कशी? बाजारातल्या कडक स्प्रिंगा बसवायच्याच, असं माझ्या मनानं घेतलं.

मार्केट यार्डापाशी कांद्याच्या टेम्पोंनी रस्ता अडवला. अडकलोच आहोत तर खाऊन घेऊ, म्हणून एका हातगाडीवर तर्री पोहे (वरून झणझणीत रस्सा घातलेले) घेतले.

"ही कसली तर्री? हे तर गोडं वरण!" नलू म्हणाली आणि माझ्या बशीतलेही तिनंच संपवले.

बिबवेवाडीत हमीदभाईंचं स्प्रिंगांचं दुकान. मी म्हटलं, "गाडी मागून बसते हो."

"बसू द्या की. उभ्यानं कुठं जायचंय तिला?" असं म्हणून ते गाडीखाली वाकले. "जुन्या स्प्रिंगा थकल्यात. कडक घातल्या तर गाडी मागून उचलली जाईल. पण एकदा वहिनींना विचारा."

त्यांच्या गाडीला तशाच कडक स्प्रिंगा होत्या, कारण मागे कायम सामान. आज ती रिकामी होती. नलूला मागे बसवून आम्ही गल्लीत चक्कर मारली. गतिरोधकावर गाडी घासली नाही, पण असा दणका बसला की मागून आरोळी आली, "अगं आई गं! उतरवा मला!"

माझा हट्ट तिथंच संपला. कंपनीच्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा घातल्या.

परतताना पहिला गतिरोधक घेतला. गाडी अलगद वर गेली, अलगद खाली आली. दुसऱ्यापाशी नलू उतरेल म्हणून सवयीनं थांबलो.

"थांबलात का? चला की!" नलू म्हणाली. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

तर, बाहेरच्या कडक स्प्रिंगा घ्याव्यात का? रोज पोती वाहत असाल तर खुशाल घ्या. माणसं न्यायची असतील, तर ज्याची कंबर दुखते त्याला आधी मागे बसवून बघा.

घर जवळ आलं तशी नलूनं भावाला फोन लावला. ही लग्नाला येतेय हे ऐकून तो रडायलाच लागला. ही माहेरच्या बोलीत म्हणाली,

"रडून काऊन (का) राहिला रे दादा? गाडीनं येऊन राहिली मी, पालखीत बसून सासरी नाही जाऊन राहिली!"