शिपाई नसलेली शाळा

आता काय सांगू तुम्हाला, ही फजिती मीच सांगून टाकलेली बरी. गावातले लोक सांगतात तेव्हा मीठमसाला फार लावतात.

आमचं गाव सोनपेठजवळ. दहावीच्या पुढे शाळा नाही, एसटीचा भरवसा नाही. आमच्या शीतलला नर्स व्हायचंय, म्हणून अकरावी सायन्स ऑनलाइन सरकारी शाळेतून करायचं ठरलं. राज्यातल्या तीन शाळा पुढ्यात होत्या. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला, तरी मी आपला तुलनाच करतोय. मी स्वतः नववीपर्यंत शिकलेला, त्यामुळे शाळांमधलं मला बरंच कळतं.

शीतलला परभणीची हवी होती. प्रात्यक्षिकं तिथंच, जवळ.

मी म्हणालो, "पुण्याच्या शाळेची इमारत बघ. नागपूरवाल्यायचं मैदान बघ. परभणीला काय हाय? घंटा वाजवायला शिपाईसुदिक न्हाई."

"पप्पा, मी घरीच बसणार हाय. मैदान काय करायचंय?"

"तुला न्हाई कळायचं."

त्या दिवशी परभणीवाल्यांनी पालकांसाठी नमुन्याचा तास ठेवला होता. आमची पिठाची गिरणी बायकोवर सोपवून मी शेजारीच आमच्या घरात कानात हेडफोन कोंबून बसलो. सर दिसत नव्हते, नुसता फळा. शिकवणं झकास होतं, पण त्यांच्या मागं कुठंतरी गिरणी घरघरत होती. मला बरंच वाटलं. खोट सापडली होती ना!

लगेच माइक चालू केला. "ओ सर, तुमच्या शेजारी कोन्या अडाण्याची गिरणी हाय? लेकरं शिकायलेत, कळत न्हाई का त्याला?"

"दोनदा सांगून आलो. ऐकत न्हाईत."

"मग तो माणूसच न्हाई."

एकदोन पालक म्हणाले, "बरोबर हाय." मी आणखी फुगलो. पण आमच्याच गिरणीच्या आवाजात मला नीट ऐकू येईना. बायकोला ओरडलो, "अगं, जरा बंद कर, लय महत्त्वाचं बोलायलोय."

तिनं बटण दाबलं. आणि हेडफोनमधली घरघरही थांबली.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही बघा. मी म्हणालो, "बघा सर, ऐकलं का न्हाई त्यानं? असा दम द्यायचा असतो."

 सर अगदी अदबीनं म्हणाले, "लय उपकार झाले, दादा. मी तुमच्या गिरणीच्या मागंच भाड्यानं राहतो, तिथूनच तास घेतो. दोनदा आलतो, तुमी म्हणलात कानात बोळे घाला."

पालकांपैकी कोण हसलं ते कळलं नाही. बहुतेक सगळेच.

हेडफोन काढला तर दारात शीतल. "पप्पा, अर्ज भरू?"

"भर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता तासाच्या वेळी मी गिरणी बंद ठेवतो. दळण घेऊन आलेल्या बाया विचारतात, लाइट गेली का. सरांनी तर पोरांना सांगूनच ठेवलंय, गिरणी थांबली की तास सुरू, गिरणी लागली की सुट्टी.

परभणीच्या शाळेत घंटा वाजवायला शिपाई नव्हता. आता आहे.