माहितीचा रकाना

पॅथॉलॉजी लॅबमध्ये किस्से साठायला वेळ लागत नाही. डॉक्टरांच्या फॉर्मवर 'आजाराची माहिती' असा एक रकाना असतो, तो रिकामा आला की झालाच एक किस्सा. आम्ही हसतो खरे, पण बाटलीत काय आहे ते ठाऊक नसताना ती उघडायची आम्हालाच असते.

*

वसईतले लोपीस डॉक्टर म्हणजे जुने, भरगच्च दवाखानावाले. त्यांच्या फॉर्मवर एकच शब्द असायचा, 'ताप'. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सावे मॅडमनी फोन केला, "डॉक्टर, पेशंटला नक्की होतंय काय?"

"अहो, तेच तर तुम्ही सांगायचं!"

*

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांच्या मीटिंगला काही फॉर्म नावं काढून, टाइप करून वाटले आणि म्हणाल्या, "यावरून निदान करा."

लोपीस डॉक्टर कागद उलटसुलट करून म्हणाले, "यावरून काय कपाळ कळणार? कोण हा आळशी माणूस?"

"तुम्हीच," मॅडम शांतपणे म्हणाल्या. डॉक्टर बराच वेळ हसले आणि तो कागद घडी करून खिशात घालून गेले.

*

पुढच्या आठवड्यापासून त्यांचे फॉर्म दोन्ही बाजूंनी भरून यायला लागले. अर्नाळ्याच्या एका मावशींच्या फॉर्मवर तर शेवटी लिहिलं होतं, 'जावयाशी पटत नाही.'

मी विचारलं, "मॅडम, हेही कॉम्प्युटरवर चढवू?"

"चढव. आत्ता कुठे लिहायला लागलेत."

*

मग चांदीपच्या एका शेतकऱ्याच्या रक्ताची, जंतू वाढवून बघायच्या कल्चरची बाटली आली. लोपीस डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'ताप येतो-जातो. घाम, सांधेदुखी. घरच्या शेळ्या गाभडल्या, मेलेली पिल्लं यानेच ओढून काढली. ब्रुसेलाचा संशय. जंतू श्वासातून जातो, जपून.' आणि खाली लाल शाईत, 'गरोदर बाईने बाटली उघडू नये.'

बाटल्या उघडायचं काम माझं, आणि मला पाचवा महिना होता. मॅडमनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. पुढे तीत ब्रुसेलाच वाढला. शेतकऱ्याला योग्य औषध मिळालं, तो बरा झाला.

मी मात्र सुन्न झाले होते. लोपीस डॉक्टर आमच्या लॅबमध्ये कधी आले नव्हते, मला त्यांनी पाहिलंही नव्हतं. न राहवून फोन केला. "डॉक्टर, माझ्याबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू कोण गं पोरी?" ते म्हणाले.