पहिल्या पेल्याचं हसू

अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आई एका जुन्या डच चित्रापुढे थबकली. घरातली मेजवानी, कलंडलेली सुरई, आणि वाइनचा पेला उंचावून खळखळून हसणारा यजमान. हे चित्र दारूपासून सावध करण्यासाठी काढलंय, असं शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं. मी आईला घाईने पुढे नेऊ लागलो. बाबा दारूनेच गेले. आम्हाला आणखी काय सावध करायचं?

“थांब रे जरा,” ती म्हणाली. “पहिल्या पेल्याला तुझे बाबा अगदी असेच हसायचे.”

मी पुन्हा पाहिलं. सावध करता करता चित्रकाराचाही जीव त्या हसण्यात अडकला असावा, इतक्या मायेने त्याने ते रंगवलं होतं. आम्हा मुलांना बाबा आठवतात ते शेवटच्या पेल्यानंतरचे. पहिल्या पेल्याचे बाबा आईने इतकी वर्षं एकटीनेच सांभाळले होते.