जाड सालीची, आंबट द्राक्षं हवीत

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. धानाच्या कोठीत उंदीर वाढतात तसे ते वाढतात; एक दिवस पाहावं, तर पोतं भरलेलं! माझं कुडव्याला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं. दिवसभर धानाचे वाण सांगून जीभ घासते, आणि संध्याकाळी फुलचूरचे बिसेन सर येऊन बसतात. विज्ञानाचे रिटायर्ड मास्तर. सहा वर्षांपासून त्यांचा एकच प्रश्न: "घरी वाईन करायला द्राक्ष कोणतं घ्यावं?" सहा वर्षं, भाऊ! मी थकलो. सर थकले नाहीत.

*

पहिल्या वर्षी सरांनी सरळ बाजारातली हिरवी, बिनबियांची, गोड द्राक्षं आणली. पाच किलो. वहिनींची लोणच्याची बरणी घेतली, साखर टाकली, तोंडाला फडकं बांधलं. महिन्याभरानं आम्हाला बोलावणं आलं. आम्हाला म्हणजे मला आणि बिरसीच्या पटले भाऊंना. पटले भाऊ पक्के धानवाले शेतकरी. सरांनी दोन पेले भरले आणि स्वतः वही उघडून बसले. "बोला, चव कशी?"

पटले भाऊंनी घोट घेतला, खाली ठेवला. "सर, याहून त आमच्या बोअरचं पानी चवदार आहे!"

सरांनी तेही लिहून घेतलं.

*

मग सरांनी पुस्तकातून शोधून काढलं की खायचं द्राक्ष वेगळं आणि वाईनचं वेगळं. वाईनचं लहान हवं, बी असलेलं, जाड सालीचं, आंबट. दुसऱ्या दिवशी भर उन्हात मला स्कूटरवर बसवून बाजारात नेलं. दुकान कोण सांभाळणार, हे विचारायची सोय नाही.

फळवाला ओरडत होता, "शक्कर है, शक्कर!"

सर म्हणाले, "शक्कर नहीं होना. बीजवाला है क्या? छिलका मोटा होना. और खट्टा होना."

त्यानं तराजू खाली ठेवला. मग मला म्हणाला, "भैया, इनको घर ले जाओ. धूप लग गई है."

शेवटी काळी घेतली, तीही बिनबियांचीच. त्यांचा वाईन व्हायच्या आधीच शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला. वहिनींनी त्यात कांदे मुरवले.

*

बाजारात मिळत नाही, तर अंगणात लावू! सरांनी कुठून तरी 'बंगळूर ब्लू'ची कलमं मागवली. हे काळं, बियांचं, हवं तसं आंबट. वेल कमरेएवढी झाली आणि सर-वहिनी पंधरा दिवस मुलीकडे गेले. वेलीची जबाबदारी पटले भाऊंवर.

परत येऊन बघतात तर काय! वेलीच्या चारही बाजूंनी मातीचा बांध, आणि आत घोट्याएवढं पाणी.

"पटले, हे काय केलंत?"

"धानावानी बांधी करून देल्ली जी! पान्याशिवाय कोनतं पीक येते?"

वेल सडली. त्या दुःखानं पटले भाऊ दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. सरांनी नवी कलमं मागवली.

*

चौथ्या वर्षी आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सर दरवेळी आम्हालाच पाजतात, स्वतः नुसतं लिहितात!

"सर, तुम्ही काऊन नाही घेत?" पटले भाऊंनी विचारलं.

"मी पीत नाही."

"मंग एवढं कायले करून राहिले जी?"

सर म्हणाले, "तीस वर्षं पोरांना आंबवणं फळ्यावर शिकवलं. एकदा तरी नीट झालेलं बघू की नको?"

मी त्यांच्यावर इतकी वर्षं मनातल्या मनात चिडत होतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

*

यंदा वेलीला पहिल्यांदा घोस आले. पण वहिनींचा धीर संपला होता. चार बरण्या नासल्या होत्या, त्यांच्या वासानं वर्षाचं लोणचं वाया गेलं होतं. त्यांनी बजावलं, "या खेपेले बिघडलं, त वेल तोडून टाकीन." सरांचा चेहरा पडला. त्यांनी घोस स्वतः निवडले, एकेक मणी तपासून.

बरणी उघडायच्या दिवशी वहिनी कोयता घेऊनच अंगणात आल्या. रंग जांभळासारखा गडद उतरला होता. सरांनी वाटी भरली. पटले भाऊंनी हात पुढे केला, तर वाटी वहिनींनीच घेतली. "बरन्या माह्या नासल्या. पहिले मी पाहीन."

एक घोट. डोळे मिटले. आम्ही तिघंही कोयत्याकडे बघत होतो.

वहिनींनी वाटी रिकामी केली. आपल्या हातानं पुन्हा भरली, तीही संपवली. पदरानं तोंड पुसलं आणि कोयता सरांच्या हातात दिला.

"वेलीले मांडव लहान पडून राहिला जी. दोन बांबू तोडून आना."