मुरमावर ठेवलेला ठपका

दारव्ह्यात फरशी बसवावी तर डोमाजीनं, असं लोक म्हणत. 'त्याच्या डोळ्यातच पाणसळ हाय,' नजरेनं पातळी ओळखण्याचं हे कौतुक त्यानं इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढं पुढं ते त्याला खरंच वाटायला लागलं. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, गावकीची कामं सोडली आणि गवंडीकामावरच पोट धरलं. जोडीला धावजी होता, जवळच्या बंजारा तांड्यावरचा. त्याची स्वतःची बैलगाडी होती. टेकडीचा मुरूम खोदून आणायचा, पसरून पाणी मारायचं आणि धुमसानं ठोकून घट्ट करायचा, हे धावजीचं काम. वर फरशी डोमाजीची. चार वर्षं दोघं दुपारची भाकर एकत्र बसून खात.

एकसष्टच्या उन्हाळ्यात पुंडलिकरावांनी बोलावलं. कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, घरामागं गुलाबांची बाग लावलेली. बागेत संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला त्यांना फरसबंद अंगण हवं होतं. सवर्णांच्या त्या आळीतलं डोमाजीला मिळालेलं हे पहिलंच काम. त्यानं जीव ओतून केलं. सांधे असे जुळवले, की नखही शिरू नये.

श्रावणात पुंडलिकरावांचा निरोप आला. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते, तरी भिंतीकडच्या कोपऱ्यात घोट्याइतकं पाणी तसंच होतं. फरशीवर शेवाळ, वर डास, आणि कडेच्या गुलाबांची पानं पिवळी पडलेली.

"डोमाजी, अंगण सांगितलं होतं मी, तळं नाही. कशामुळं झालं हे?"

डोमाजीच्या मनात आलं, आता हे म्हणणार, या लोकांना काम दिलं की असंच होतं. ते शब्द ऐकायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "मुरूम मातकट होता जी. पाण्यानं खाली बसला असंन."

"म्हणजे त्या गाडीवाल्यानं फसवलं. तांड्यावरचे लोक असेच."

डोमाजी खाली मान घालून पाणी बघत राहिला.

त्यानंतर धावजी कामावर आला नाही. दोनदा निरोप पाठवला, तर बैलाचा पाय दुखतो म्हणून उत्तर आलं. डोमाजीनं दुसरा गाडीवाला धरला आणि फार विचार केला नाही. विचार टाळायचाच होता, हे त्याला नंतर कळलं.

दिवाळीनंतर पुंडलिकरावांनी कोपरा उकलायला सांगितला. डोमाजीनं तीन फरशा काढल्या आणि खालच्या मुरमावर पहार मारली. पहार खणकन वर उडाली. दुसरीकडं मारली, तिथंही तेच. मातीचा कण नव्हता, आणि मुरूम तसूभरही बसला नव्हता. 

मग त्यानं घरातून पाण्याची बादली मागितली आणि घराच्या मागच्या ओट्यापाशी, अंगणाच्या वरच्या टोकाला, हळूहळू ओतली. पाणी मोरीकडं जायला हवं होतं. ते दोन हात सरळ गेलं आणि निवांत भिंतीकडं वळलं. डोमाजीनं पिशवीतली पाणसळ काढून ओट्याच्या कडेवर ठेवली. ओटाच एका अंगानं दोन बोटं खचलेला होता. उन्हाळ्यात त्यानं त्याच कडेवरून दोरी ताणली होती, पाणसळ न लावता, नुसत्या नजरेनं. सगळ्या अंगणाचा ढाळ तिथंच उलटा झाला होता.

आठ दिवस खपून त्यानं ढाळ मोरीकडं काढून दिला. शेवटच्या दिवशी पुंडलिकरावांना म्हणाला, "मुरूम चांगला होता जी. चूक माही होती. धावजीची नाही."

"असू दे रे. पाणी जातंय ना आता?" असं म्हणून ते गुलाब छाटायला लागले.

तसाच तो तांड्यावर गेला. धावजी बैलांपुढं कडबा टाकत होता. त्याची बायको रुपीबाई तांब्या भरून पाणी ठेवून गेली.

"धावजी, तुह्या मुरमात काही खोट नव्हती. म्याच ओट्यावरून दोरी धरली. मी खोटं बोललो."

"मले ठाव हाय," धावजी म्हणाला. "त्या दिवशी मी फाटकाबाहीर उभा होतो. तुलेच भेटाले आलतो."

डोमाजीनं तोंडाशी नेलेला तांब्या खाली ठेवला.

"मुरमाचं काय, भाऊ. माणूस घाबरते, बोलून जाते. पण तो म्हणला, तांड्यावरचे लोक असेच. तवा तू चूप काहून राह्यला? ते बोलणं कसं लागते, तुले तं मालूम हाय."

 धावजीनं भांडण केलं नाही. उन्ह उतरल्यावर वाटेपर्यंत पोचवायला आला. पण गाडी त्यानं लाकडांच्या ठेकेदाराकडं लावली होती, ती तिथंच राहिली.

पुढं बाजाराच्या दिवशी दोघं भेटत. धावजी पोरांची, पावसाची विचारपूस करी आणि घाईत असल्यासारखा पुढं जाई. डोमाजीला दरवेळी आणखी काहीतरी सांगायचं असे, ते राहून जाई.

सदुसष्ट साली धावजी बैल विकून बायकापोरांसह मारेगावकडं निघून गेला. तांड्यावरच्या एका माणसानं बाजारात सहज बोलता बोलता डोमाजीला हे सांगितलं. तोवर धावजीला जाऊन महिना झाला होता.