वहिनींच्या हातची हळद

विधवेच्या हातची हळद लग्नाला चालत नाही.

आमच्या वहिनींना हे गावातल्या बायकांनी तोंडावर सांगितलं होतं. रागाने नाही, समजावून.

परवा वहिनी गेल्या.

मला फारसं लिहिता येत नाही. पण त्यांची हळद तुमच्यापैकी अनेकांच्या घरात आहे, म्हणून लिहितो.

दादा गेला तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची शेती कुरुंद्याला. त्यांची एकुलती मुलगी रेखा तेव्हा शाळेत होती. हळकुंडं व्यापाऱ्याला घालण्याऐवजी वहिनी घरीच दळायला लागल्या. पाकिटं करून आठवडी बाजारात बसायच्या.

भाजीपुरती सगळे घ्यायचे. लग्नसराईत कोणी फिरकायचं नाही.

शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "राग नको धरू बाई. नवरीच्या अंगाला लागती ती. रीत हाय."

"व्हय काकू," वहिनी म्हणाल्या. "मंग भाजीची तरी जास्तीची घेऊन जा."

पुढे मी हिंगोलीला नोकरीला लागलो. इंटरनेटवर सगळे एकमेकांच्या पानावर स्क्रॅप, म्हणजे छोटे निरोप, लिहायचे, ते दिवस. वाटलं, गावात नाही तर बाहेर विकली जाईल. म्हणून सायबर कॅफेत बसून हळदीचं एक प्रोफाइल काढलं.

कॅफे सलीमचा. तो म्हणाला, "भाभी का फोटो मत डालो भाई. शादी के सीझन में सूना माथा देख के कौन लेंगा?"

त्यानेच इंटरनेटवरून एका नवरीचा फोटो शोधून लावला. नथ, हिरवा चुडा, गालाला हळद.

वहिनी कामाला हिंगोलीला आल्या तेव्हा त्यांना दाखवला.

"ही कोन?"

"कोणी नाही. इंटरनेटवरची आहे."

"हिनं कधी हळद शिजवली का?"

सलीम हसला. वहिनी हसल्या नाहीत.

"भाऊजी, माझा लावा. कपाळ दिसंल असा."

"वहिनी, लोक घेणार नाहीत."

"न्हाई घेतली तर न्हाई. पर घेतल्यावर कळलं तर? ऐन हळदीत भांडण व्हईल. त्या लेकराला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल, माझ्यापायी."

मग त्यांचाच फोटो लावला. हळदीच्या कढईपाशी उभ्या, वाफेत, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं.

खाली त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं.

"मालक वारले. हळद मीच शिजवते, मीच दळते. लग्नाला पाहिजे असेल तर घरात विचारून घ्या."

कितीतरी दिवस काहीच आलं नाही. सलीम म्हणायचा, "बोल्या था ना."

मी रविवारी फोन करायचो.

"आलं का काही?"

"नाही वहिनी."

"बरं. येईल तवा येईल."

एकाने फार वाईट लिहिलं. असल्या बाईची हळद घरात कोण आणतं, वगैरे. मी पुसून टाकणार होतो.

"पुसू नका. 'बरं दादा' म्हना."

मी लिहिलं, बरं दादा.

हळदीला कीड लागू नये म्हणून काय करावं, असं कोणी विचारलं तर मात्र फोनवर सांगत बसायच्या. तो माणूस पाकीट घेणार नाही हे दोघांनाही माहीत असायचं. तरी मी सगळं टाइप करायचो.

मग पुण्याच्या एका मुलीचा मेसेज आला. लग्नासाठी हळद हवी होती. तिचे वडील नव्हते. तिने लिहिलं होतं, "माझ्या हळदीला आईला बाजूला बसवणार आहेत. हळद तरी तुमच्या हातची असू दे."

मी फोनवर वाचून दाखवलं. वहिनींनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

"आईला विचारलं का तिनं?"

मी विचारलं. रिप्लाय आला, "आईनेच तुमचा फोटो दाखवला मला."

ती हळद वहिनींनी एकटीने निवडली, दळली, वस्त्रगाळ केली. कोणाला हात लावू दिला नाही.

त्या मुलीने तिच्या मैत्रिणींना सांगितलं. मैत्रिणींनी आणखी कोणाला. तिथून ऑर्डरी सुरू झाल्या.

ऑफिसातली पोरं आता मला विचारतात, सर, सोशल मीडियावर धंदा कसा चालवायचा? मला नीट सांगता येत नाही. मी फक्त टाइप करायचो. ज्या कारणाने माल विकला जाणार नाही, ते कारण वहिनी आधी सांगायच्या. आणि आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. यापलीकडे मला काही माहीत नाही.

रेखाच्या लग्नात मात्र हळद दुकानातून आली.

माझी आईच म्हणाली, "पुसेगावचे सोयरे काय म्हनतील?"

वहिनी चुलीकडे गेल्या. रेखाने मांडवातून हाक मारली, "आई, तू लाव ना."

"वरण उतू जाऊन राहिलं, आले," म्हणाल्या.

आल्या नाहीत.

परवा सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या. वसमतच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरी आणल्यावर बायकांनी अंघोळ घातली. सवाष्ण गेली तर हळद लावतात. विधवेला लावत नाहीत.

रेखा घरात गेली आणि वहिनींनी दळलेली हळद वाटीत कालवून घेऊन आली.

कोणीतरी म्हणालं, "रेखा, असं नसतंय करायचं."

रेखा माझ्या आईकडे पाहत राहिली. सगळ्याच पाहत होत्या. आई भिंतीला टेकून बसली होती.

"कपाळाला नको," आई म्हणाली.

रेखाचा हात थांबला.

"आधी पायाला लाव. मंग हाताला. कपाळाला शेवटी. सवाष्णीला लावतात तशी."

रेखाने लावली. मग आईने स्वतःचा हात पुढे केला, वाटीसाठी.

वहिनी, तुमच्या धाकट्या दिराचा हा शेवटचा नमस्कार.